चौकटी खोल उतरवताना

३ एप्रिल, बुधवार

समुद्राचं पाणी तीस अंशांच्या वर गेलं. एप्रिलचा पहिलाच आठवडा आणि तीसच्या वर! गेल्या वर्षी हा आकडा मे सरता सरता दिसला होता. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रवाळ केंद्राच्या संचालकांना, लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, लक्ष ठेवा." लक्ष ठेवायला मला सांगावं लागत नाही.

ही वही नवऱ्याने आणून दिली. त्याचं औषधांचं दुकान आहे आणि औषध कंपन्या अशा वह्या फुकट वाटतात. प्रत्येक पानाखाली पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. म्हणाला, "रोज जेवताना मला पाण्याचं तापमान सांगतेस, त्यापेक्षा यात लिहीत जा. माझा घास तरी सुखाने उतरेल." बरं, लिहिते.

काळजी कसली ते एकदा नीट मांडते, म्हणजे डोकं हलकं होईल. बंदराबाहेर, खडकाचा उतार सुरू होतो तिथे आमच्या बारा चौकटी पाण्यात लटकतात. वर तरंगतं पिंप, पिंपाला दोरी, दोरीला लोखंडी नळ्यांची चौकट, आणि चौकटीला प्रवाळाचे तुकडे बांधलेले. बांधले तेव्हा बोटाएवढे होते, आता तळहाताएवढे झालेत. त्यांच्यावर वरून चढणारी घाण आम्ही टूथब्रशने घासून काढतो. स्वतःचे दात मी इतक्या मनापासून कधी घासले नसतील. थंडी सुरू झाली की हे सगळे खडकावर नेऊन लावायचे, कारण खडकावरचं जुनं प्रवाळ मागच्या उष्णतेत मेलं. सगळं मेलं. या तुकड्यांची आई-मावशी आता कुणी उरलेली नाही.

प्रवाळ दिसतं झाडासारखं, पण तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. त्याचं पोट आणि त्याचा रंग दोन्ही त्या शेवाळावर चालतात. पाणी जास्त दिवस तापलं की तो ते बाहेर टाकून देतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे मेलेला नव्हे, उपाशी. पण उपाशी राहून किती दिवस काढणार?

या बारा चौकटी गेल्या की संपलं. पुन्हा सुरुवात करायला मुठीत काहीच उरणार नाही.

७ एप्रिल, रविवार

आज बोक्यावर ओरडले आणि आता वाईट वाटतंय. पण चूक त्याचीच होती.

बोका म्हणजे माझा धाकटा भाऊ. लहानपणी अंघोळीला नेलं की बोक्यासारखा ओचकारायचा, म्हणून हे नाव. आणि तोच पुढे पाणबुडा झाला! आई म्हणते, देवाने थट्टा केली. केंद्रात आधी दोन पाणबुडे होते. दुसरा गेल्या महिन्यात बंदराच्या कंपनीत गेला, तिथे माणसांना वेळेवर जेवायला तरी देतात म्हणे. नवा यायला मे उजाडेल. तोवर खालचं सगळं काम एकट्या बोक्याचं. एकटा पाणबुडा पाण्यात सोडायचा नाही असा नियम आहे, तो मोठ्या बाईंनी मला फोनवर वाचून दाखवला. मी म्हटलं, "वर मी आहे ना होडीत. दोरी माझ्या हातात आहे." त्यांनी फार ताणलं नाही.

तर आज धक्क्यावरून मी याला हाका मारतेय, हा आपला पाठमोरा उभा. चार हाका झाल्या, पाचवीला आमच्या होडीच्या नावाड्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा वळला. वर मलाच विचारतो, "काय झालं ओरडायला?" मी म्हटलं, "मोठ्या बहिणीकडे कानाडोळा करायला कधीपासून शिकलास?" तो हसला आणि होडीत जाऊन बसला. तेही नेहमीच्या जागेवर नाही, पलीकडच्या फळीवर. म्हणे इकडे वारा लागतो. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

काहीतरी बिनसलंय त्याचं. माझ्यावर रुसला असेल तर कशावरून, ते आठवून पाहिलं. रुसण्यासारखं इतकं सापडलं की आठवणं सोडून दिलं.

११ एप्रिल, गुरुवार

उलगडा झाला! इतकी काळजी चालू असताना ही एक गोष्ट मनाला गारवा देऊन गेली.

बोक्याचा सदरा होडीत पडला होता, तो घडी करताना खिशातून गोळ्यांची पट्टी पडली. मळमळ थांबवायच्या गोळ्या. मी औषधवाल्याची बायको, मला ओळखू येतात. पाणबुड्याला मळमळीच्या गोळ्या कशाला? त्याला कधी होडी लागली नाही. म्हणजे गोळ्या बायकोसाठी. म्हणजेच गोड बातमी!

आता सगळं जुळतं. हल्ली तो मोटारसायकल काढत नाही, चालत येतो. बायको मागे बसणार, हादरे बसायला नकोत, म्हणून सवय मोडली असणार. जिना उतरताना कठड्याला धरून उतरतो. हेही मी तिच्याकडूनच आलेलं समजते, ती शिकवत असेल सावकाश चालायला. आणि हाका ऐकू न येणं? बाप होणाऱ्या माणसाचं चित्त थाऱ्यावर असतं का!

नवऱ्याला विचारलं, "बोका तुझ्या दुकानातून गोळ्या नेतो का रे?" त्याने चष्म्यावरून पाहिलं. "दुकानात मला नाती नसतात, गिऱ्हाइकं असतात. गिऱ्हाइकाच्या पिशवीत डोकावू नये." मग म्हणाला, "ती गोळी बऱ्याच कारणांना देतात. तूच विचार की त्याला." मी म्हटलं, मला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "मग बरं."

पाणी एकतीसला टेकलंय.

१५ एप्रिल, सोमवार

तीन दिवस एकतीसच्या खाली आलं नाही. हवामानवाले म्हणतात, अजून चार आठवडे असंच, वर चढेल पण उतरणार नाही. मी चौकटींवर वरून डोकावले. पहिल्या दोन चौकटींमधल्या तुकड्यांची टोकं फिकी झालीत.

मोठ्या बाईंशी बोलून ठरवलं: चौकटी खोल उतरवायच्या. उताराच्या खाली खडकाचा एक सपाट ओटा आहे, स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखाच लांबट. तिथलं पाणी दोन अंशांनी थंड असतं. वरची दोरी सैल करत मी चौकट खाली सोडायची, बोक्याने सोबत उतरून ती ओट्यावर नीट टेकवायची. सोपं आहे. अवघड नाही.

बोक्याला सांगितलं तर त्याचा चेहरा पडला.

"एवढं खोल कशाला? वर जाळ्या लावू, सावली होईल."

"सावलीने पाणी थंड होतं का रे? ऊन कमी होईल, उष्णता तीच."

"थोडे दिवस बघू तरी."

"टोकं पांढरी व्हायला लागलीत. आणखी काय बघायचंय?"

तो नखं कुरतडत राहिला. मग म्हणाला, "ताई, नवा माणूस येईपर्यंत थांबता नाही येणार?"

"तो मेमध्ये येणार! तोवर इथे काय उरेल, नळ्या?"

मला राग आला, खरंच आला. तीन वर्षं रात्रीचा दिवस केला आणि आता घोडं याच्या आळसापाशी अडणार? मी तोंडावर म्हटलं, "बाप व्हायच्या आधीच म्हातारा झालास." तो माझ्याकडे नुसता बघत राहिला, जणू मी दुसऱ्याच भाषेत बोलतेय. मग म्हणाला, "बरं. उतरवू."

१६ एप्रिल

संध्याकाळी बोक्याच्या घरी गेले. म्हटलं काल जास्त बोलले, भावजयीची विचारपूस करावी. ती नळाखाली भांडी विसळत होती. मी म्हटलं, "जड काही उचलू नकोस हं आता."

तिने नळ बंद केला. "का?"

"अगं मला कळलंय. गोळ्या पाहिल्या मी."

ती एकदम वळली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "तुम्हाला कळलंय? आणि तरी तुम्ही त्यांना खोल पाठवताय?"

मी म्हटलं, "अगं, त्याचा काय संबंध? दोन तासांचं काम, संध्याकाळी तुझ्याजवळ असतो की. आमच्या वेळी नवरे गावोगाव फिरायचे. तू घाबरू नकोस, पहिल्या वेळी असंच होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पहिल्या वेळी काय होतं, ताई?" तेवढ्यात बोका आतून आला, तिला म्हणाला, "चहा टाक." ती म्हणाली, "तुम्हीच टाका," आणि आत निघून गेली. बोक्याने चहा केला. साखर विसरला. मी निमूट प्याले.

तिचं माझ्याशी पटत नाही, हे खरं. पण अशा दिवसांत बायकांचा पारा चढतो. मी मनावर घेत नाही. घेतलंच तर इथे लिहून टाकते.

१८ एप्रिल, गुरुवार

चार चौकटी उतरल्या!

आमची दोरीची भाषा जुनी आहे, पहिल्या वर्षीच ठरवलेली. खालून एक हिसका म्हणजे थांब. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे चौकट वर ओढ. एवढ्यावर आमचं सगळं चालतं. बोक्याचे हिसके मी डोळे मिटूनही ओळखते.

आज मात्र तो फार सावकाश उतरत होता. थोडं उतरायचा, थांबायचा, परत थोडं वर यायचा. बुडबुडे एका जागी किती वेळ! वर माझा जीव टांगणीला. वर आला तेव्हा मुखवट्याच्या आत रक्त. मी किंचाळलेच. तो म्हणाला, "घोळणा फुटला, उन्हाने." मी डोक्यावर पाणी मारलं, मान वर करायला लावली. नावाडी म्हणाला, "बाई, आज पुरे." बोका म्हणाला, "एक राहिली ती करून टाकू," आणि पुन्हा गेला. याला म्हणतात माणूस. मी परवा उगाच आळशी म्हटलं.

धक्क्यावर उतरताना त्याचा तोल गेला, नावाड्याने धरलं. मी म्हटलं, "पाणबुड्याला होडी लागली, आता मासे हसतील!" तोही हसला, उशिरा, सगळे हसून झाल्यावर.

२० एप्रिल, शनिवार

आणखी तीन खाली. सात झाल्या. वरच्या पाच फिकट पिवळ्या दिसतात. पाणी साडेएकतीस. बोका आज एक शब्द बोलला नाही. सोमवारी बाकीच्या संपवायच्या, मग त्याला आठवडाभर सुट्टी द्यायची असं मनाशी ठरवलंय. त्याला अजून सांगितलं नाही, काम संपल्यावर सांगेन.

२३ एप्रिल, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते.

आठवी चौकट होती. मी दोरी सोडत होते. दोन हिसके आले, मी ढील दिली. पुन्हा दोन. पुन्हा दिली. मग हिसके भराभर यायला लागले, दोन, दोन, दोन, मोजताही येईनात. मला वाटलं चौकट उतारावरून घसरतेय आणि तो तिला ओट्याकडे नेतोय. मी दोरी सोडतच राहिले. वेटोळं संपत आलं तशी मी नावाड्याला म्हटलं, "दुसरं वेटोळं द्या, याला गाठ मारते."

नावाडी दोरीकडे बघत होता. म्हणाला, "बाई, बुडबुडे बघा." बुडबुडे चौकटीच्या वर नव्हते. बाजूला होते, आणि गोल फिरत होते.

दुसरं वेटोळं माझ्या हातात होतं. गाठ मारायचीच राहिली होती. दोरी संपली आणि होडीच्या खुंटीला ताठ बसली. मी ओढायला लागले तर नावाड्याने अडवलं, "ओढू नका, झपकन वर आला तर जीव जाईल. ताठ राहू द्या फक्त." आम्ही दोघे ती दोरी धरून बसलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग दोरी थरथरली, आणि बोका दोरीवर हातामागून हात टाकत वर आला. होडीत घेतला तर उताणा पडून त्याने डोळे घट्ट मिटले. फळीला दोन्ही हातांनी असं धरलं होतं की जणू होडी उलटलीय आणि तो खाली पडेल. उलट्या थांबेनात. मी त्याच्या कानाशी वाकून विचारत होते, "काय होतंय? बोल ना रे!" तो बोलेना. मी त्याच्या उजव्या कानाशी ओरडत होते.

दवाखान्यात तो जरा शांत झाला तेव्हा म्हणाला, "ताई, चौकट ओट्यावर टेकली आणि खाली सगळं फिरायला लागलं. वर कुठे, खाली कुठे, काही कळेना. मी दोरी धरली. म्हटलं तू ओढशील. मी ओढत होतो आणि दोरी येतच होती. जेवढी ओढू तेवढी येत होती."

आमच्या दोरीच्या भाषेत तीन खुणा आहेत. तिन्ही चौकटीच्या. माणसासाठी आम्ही एकही ठेवली नव्हती. इतक्या वर्षांत दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. उजव्या कानाच्या आतला पडदा फाटलाय, जिथे तोल सांभाळला जातो तिथे. आजचा नाही, म्हणाले, दीड-दोन महिन्यांपूर्वीच कधीतरी फाटला, तेव्हाच पाणी बंद केलं असतं तर कदाचित भरून आला असता. प्रत्येक खोल बुडीने तो आणखी फाटत गेला. त्या कानाने आता ऐकू येणार नाही. चक्कर हळूहळू कमी होईल. पाण्याखाली जायचं नाही. कधीच नाही.

भावजय ऐकत उभी होती. तिला दिवस गेलेले नाहीत. गोळ्या त्याच्याच होत्या, चक्करेसाठी. हे मला कुणी वेगळं सांगायची गरज पडली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. रोज दहा तास तो माझ्यासमोर होता.

घरी आल्यावर नवऱ्यावर तुटून पडले. "तुला माहीत होतं! गोळ्या तूच देत होतास!"

"देत होतो. डॉक्टरांकडे जा, हेही दर वेळी सांगत होतो."

"मला का नाही सांगितलंस?"

"मी तुला म्हटलं, त्याला विचार. तू म्हणालीस, मला कळायचं ते कळलं." तो खुर्चीत बसला. "मला वाटलं तुला खरंच कळलंय. तू त्याची बहीण. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय की आधी चौकटी, मग कान."

मला रडू आलं. तो उठून जवळ आला नाही. यायला हवा होता असं मला वाटलं, आणि यायला नको होता असंही.

२८ एप्रिल, रविवार

पाणी बत्तीस. वर चार चौकटी उरल्यात, आणि त्या जवळजवळ पांढऱ्या झाल्यात. खालच्या कशा आहेत ते बघायला खाली जाणारं कुणी नाही. मोठ्या बाईंनी सगळीकडे विचारलं, सगळीकडचे पाणबुडे आपापल्या चौकटी उतरवण्यात गुंतलेत. बाईंचा आवाजही खाली आलाय. "नियम मी मोडू दिला," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, मी मोडला.

दुपारी बोक्याकडे गेले. तो भिंतीला हात लावत दारापर्यंत आला. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "वरच्या कशा आहेत?" खोटं सांगणार होते, पण त्याला माझं खोटं ऐकायचीही गरज नसते, तोंडावरून कळतं.

"पांढऱ्या."

"चार आहेत ना? मी एकदा जातो. एका दिवसात होतं."

मला वाटलं थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. "कान गेलाच आहे ताई, आता आणखी काय जाणार त्याचं? तू फक्त दोरी ताठ ठेव. मी दोरी सोडणारच नाही हातातून."

"नाही."

"अगं, मग हे कशासाठी झालं? आठ वाचवल्या आणि चार सोडल्या? त्या चारमधल्या जाती खालच्या आठमध्ये नाहीत. तूच सांगितलं होतंस, सगळ्या जाती हव्यात."

"सांगितलं होतं. तरी नाही."

"तुला काय हक्क आहे नाही म्हणायचा? कान माझा आहे!"

तो ओरडला. चक्कर आली म्हणून लगेच डोकं धरून बसला. भावजय दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते ते ऐकायला. मला वाटत होतं की हो म्हणावं. हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. एक क्षण मी मनात हिशेब केला: सकाळची वेळ, शांत पाणी, दोरी ताठ, नावाडी सोबत. एक क्षणच. मग म्हटलं, "तू गेलास तर मी होडीत बसणार नाही." तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

वाटेत विचार केला. चौकट खाली जायला माणूस लागत नाही. माणूस लागतो तो ती नीट टेकायला.

२ मे, गुरुवार

आज उरलेल्या चौकटी सोडल्या. आंधळ्यासारख्या.

मोठ्या बाईंना काल सांगितलं. त्या म्हणाल्या, ओटा चुकला तर गाळात रुततील, उतारावर आपटल्या तर तुकडे तुकडे होतील. मी म्हटलं, वर राहिल्या तर नक्की मरतील, खाली गेल्या तर कदाचित. त्या म्हणाल्या, "सोडा."

सकाळी धक्क्यावर बघते तर बोका उभा. भावजयीचा हात त्याच्या पट्ट्यात अडकवलेला. मी तिला म्हटलं, "याला कशाला आणलंस?"

"आले म्हणजे आलेच," ती म्हणाली. "होडी कुठे लावायची ते यांनाच माहीत आहे म्हणे. पण पाण्यात हात घालायचा नाही, हे माझं. पायही नाही."

तो माझ्याशी बोलत नव्हता, नावाड्याशी बोलत होता. होडीच्या तळाशी बसून डोळे मिटून सांगत होता, "अजून थोडं पुढे. आता डावीकडे. प्रवाह कुठून आहे? मग अजून दोन हात." इतकी वर्षं तो खालून ती जागा बघत आलाय, आता वरून आठवत होता. नावाड्याने नांगर टाकला. मी पहिली चौकट सोडली.

दोरी हळूहळू सरकत होती. बोक्याने दोन बोटं दोरीवर ठेवली. खूप वेळाने म्हणाला, "टेकली."

"ओट्यावर?"

"काय माहीत. कडक वाटलं. गाळ असता तर मऊ वाटलं असतं."

"मोडली नसेल ना?"

"ताई, दोरीला काय विचारतेस?" मग त्याला हसू फुटलं. आठवड्यात पहिल्यांदा. मीही हसले, आणि हसता हसता डोळे पुसले.

दुसरीही कडक टेकली. तिसरी घसरली, दोरी एकदम ओढली गेली, मग थांबली. बोक्याने मान हलवली. "ही गेली बहुतेक." पांढरी पडलेली ती चौकट मी सोडली तेव्हा तिच्या एका कोपऱ्यात अजून तपकिरी रंग होता, तो आठवला. चौथीला मी हात आणखी सैल ठेवला.

ती सोडतानाच माझ्या लक्षात आलं की माझे हात थरथरत नाहीत. महिनाभर दोरी धरली की छाती धडधडायची, तळवे ओले व्हायचे, आणि मी समजत होते की ती काळजी चौकटींची आहे. आज चौकटी मोडतायत की वाचतायत हे काहीच कळत नव्हतं, उलट एक तर गेल्यातच जमा, तरी हात स्थिर होते. मी मोठ्याने म्हटलं, "खाली कुणी नसलं की दोरी किती हलकी लागते!"

भावजय बोक्याच्या पाठीशी बसली होती. तिचा हात अजून त्याच्या पट्ट्यात होता. ती समुद्राकडे बघत म्हणाली, "तुमच्या हातात निदान दोरी तरी होती, ताई. मी सहा वर्षं घरी बसून रिकाम्या हाताने धरलीय."

बोक्याला ते ऐकू गेलं की नाही, मी विचारलं नाही. चौथी चौकट टेकली, कडक. नवा पाणबुडा आणि त्याचा जोडीदार पुढच्या आठवड्यात येतील, तेव्हा खाली काय आहे ते कळेल.